पुठ्ठ्यावरचे सात डाग

रात्रभर गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा सकाळी ओढून काढला आणि डाग मोजले. सात. एक चांगला तळहाताएवढा, बाकीचे चिल्लर. दोन्ही चाकांच्या जागा पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं आधीच आखून ठेवल्या होत्या, म्हणजे कुठला डाग इंजिनच्या कुठल्या भागाखाली पडला ते कळेल. निदान मला तरी तसं वाटत होतं.

गाडी म्हणजे १९५० च्या दशकातली मोटरसायकल. ३५० सीसी, एक सिलिंडर, ब्रिटिश घडण, तेलाची टाकी इंजिनापासून वेगळी, सीटखाली. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की अर्धे वाचक "हां, त्या गाड्या गळतातच" म्हणून इथूनच परत फिरतील. जुन्या गाडीवाल्यांचा तो जुना विनोद मलाही पाठ आहे: तेल गळत नसेल तर समजायचं, तेल संपलंय. अनेक वर्षं मीही तो हसत हसत सांगायचो. आता सांगत नाही, कारण माझ्या गाडीच्या गळतीतला मोठा वाटा माझाच होता, हे या खेपेला पुराव्यासकट सापडलं.

आधी माझे प्रताप सांगून टाकतो. मागच्या चार वर्षांत उजव्या बाजूचं टायमिंग कव्हर, म्हणजे टायमिंगच्या दातेरी चाकांवरचं झाकण, मी तीनदा उघडलं. पहिल्या वेळी नवं पॅकिंग घातलं. महिन्याभरात खालचा मागचा कोपरा ओला. दुसऱ्या वेळी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन चोपडलं आणि स्क्रू दात-ओठ खाऊन आवळले. तिसऱ्या वेळी त्याहून जास्त सिलिकॉन, त्याहून जास्त जोर. कोपरा ओलाच. मग संशय डावीकडे वळला. प्रायमरी चेनकेस, म्हणजे इंजिनपासून क्लचकडे जाणाऱ्या चेनची पेटी, उघडली, क्लच बाहेर काढला, सील बदललं, दोन रविवार घालवले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. डाग होते तिथेच राहिले.

या खेपेला ठरवलं की आठवडाभर एकही पाना उचलायचा नाही. फक्त बघायचं.

पहिली गोष्ट, तेल कुठलं? जुन्या गाडीच्या पोटात तीन-चार वेगवेगळी तेलं असतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पुठ्ठ्यावरच्या प्रत्येक डागाला बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. इंजिन ऑइल काळपट, त्याला जळकट वास. गिअरबॉक्सचं ९० नंबरचं तेल घट्ट, बोटांमध्ये तार धरतं आणि त्याला गंधकाचा उग्र दर्प असतो. एकदा नाकात बसला की आयुष्यभर ओळखू येतो. प्रायमरीतलं तेल पातळ, त्यात क्लचच्या प्लेटांची बारीक काजळी. पुढच्या फोर्कचं त्याहून स्वच्छ, पण ते पडतं पुढच्या चाकापाशी. माझे सातही डाग इंजिन ऑइलचे निघाले. म्हणजे क्लच काढण्यात घालवलेले ते दोन रविवार निव्वळ व्यायाम.

दुसरी गोष्ट, डाग जिथे पडतो तिथून तेल गळत असतंच असं नाही. तेल आधी पसरतं, कुठल्या तरी कडेवरून वाट काढत सगळ्यात खालच्या बोल्टपर्यंत येतं आणि तिथून टपकतं. गाडी पळत असेल तर वारा त्याला मागे ओढतो. डोक्यावरच्या रॉकर बॉक्समधून पाझरलेलं तेल सिलिंडरच्या पंख्यांमधून (थंडाव्यासाठीच्या पातळ पट्ट्या, फिन्स) उतरून थेट क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीच्या, बुडाशी दिसू शकतं, आणि आपण बुडाला सिलिकॉन लावत बसतो.

म्हणून आधी आंघोळ. रॉकेल, जुना रंगाचा ब्रश, दात घासायचे दोन निवृत्त ब्रश आणि भरपूर फडकी. सिलिंडरच्या पंख्यांच्या फटी, डायनॅमोमागची खोबण, कव्हरांच्या कडा, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यातली खाच. निम्मा दिवस गेला. गाडी पूर्ण वाळू दिली आणि मग इंजिनवर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरली. पफनं, हलक्या हातानं, सगळीकडे सारखी.

"बाबा, तू गाडीला पावडर लावतोयस?" मुलगी दारात उभी होती.

"हो."

"आणि टीट?"

टीट गाडी स्वतःच लावून घेणार होती. या प्रकारातली गंमतच ती आहे. कोरड्या पांढऱ्या पावडरवर तेलाचा थेंब उमटला की तो शाईसारखा गडद दिसतो, आणि जिथून उगम तिथूनच ओघळ सुरू होतो. मात्र सारखं बघत राहावं लागतं. तासाभरानं आलात तर सगळा चिखल झालेला असतो आणि उगम परत हरवतो.

खरा उलगडा मात्र एका साध्या प्रश्नानं झाला: गाडी उभी असताना गळते की चालू असताना? चार वर्षांत मी हे स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. उभ्या गाडीत तेलाला ओढणारी गोष्ट एकच, त्याचं स्वतःचं वजन. चालू इंजिनात पंप असतो, उष्णता असते, आणि क्रँककेसमधला हवेचा दाब असतो. दोन्ही गळत्यांची कारणं वेगळी, औषधं वेगळी. मी दोन पुठ्ठे केले. एक रात्रीचा, एक चालू इंजिनचा. एअर-कूल्ड, म्हणजे वाऱ्यावर थंड होणारं, इंजिन उभ्याउभ्या फार वेळ चालवू नये, म्हणून पाच मिनिटं चालवून थांबवायचं, टॉर्च मारून बघायचं, मग एक छोटी फेरी, परत बघायचं.

चालू इंजिनच्या पुठ्ठ्यानं पहिल्याच दिवशी तोंड उघडलं. पावडर तीन ठिकाणी गडद झाली. टायमिंग कव्हरचा तो बदनाम कोपरा तर होताच, पण रॉकर बॉक्सची एक कड आणि सिलिंडरच्या पायथ्याची पॅकिंगही घामेजली होती. तीन वेगवेगळे सांधे, तिन्हींची पॅकिंग वेगवेगळ्या वयाची. तिन्ही एकाच दिवशी नादुरुस्त कशी होतील? आतून कोणीतरी ढकलत असणार.

एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन खाली येतो तेव्हा वर जागा मोकळी होते तेवढीच खाली, क्रँककेसमध्ये, कमी होते. ३५० सीसीची गाडी म्हणजे प्रत्येक फेरीला ३५० घन सेंटिमीटर हवा दाबली जाते आणि पिस्टन वर गेला की परत सैल पडते. ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, हे सेकंदाला ५० वेळा होतं. हिशेब केला तर सेकंदाला साडेसतरा लिटर हवा आत पुढे-मागे हेलकावत असते. त्यात पिस्टन रिंगच्या कडेनं निसटलेला जळका वायू वेगळाच. या हवेला बाहेर जायला एक वाट ठेवलेली असते, ब्रीदर. त्यात एकमार्गी व्हॉल्व्ह असतो: हवा बाहेर जाऊ द्यायची, परत आत येऊ द्यायची नाही. तो नीट चालला की थोड्या फेऱ्यांतच क्रँककेसमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जरा कमीच राहतो. मग एखाद्या सांध्याला बारीक फट असली तरी तेल बाहेर पडण्याऐवजी हवाच आत ओढली जाते. व्हॉल्व्ह बिघडला की उलटं. सगळ्यात कमजोर सांधा शोधून तेल बाहेर पडतं. तो बुजवा, दुसरा सापडतो.

सिलिंडर दोन असले म्हणजे सुटका झाली असंही नाही. १९३७ च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकत्रच वर आणि एकत्रच खाली जातात, त्यामुळे हवेचा हिशेब एका सिलिंडरसारखाच. त्या घराण्यातल्या ट्विन्समध्ये इनलेट कॅमशाफ्टच्या टोकाला फिरणारा ब्रीदर व्हॉल्व्ह बसवला जायचा, तो याचसाठी. १९२३ च्या बीएमडब्ल्यू आर-३२ पासूनच्या बॉक्सर इंजिनातही दोन्ही पिस्टन एकाच वेळी आत येतात, म्हणजे तिथेही क्रँककेस पंपासारखी धापा टाकते. १९६९ ची होंडा सीबी ७५० आली तिच्यात चार सिलिंडर. दोन पिस्टन खाली येतात तेव्हा दोन वर जातात, आतली एकूण जागा जवळपास तेवढीच राहते. शिवाय तिची क्रँककेस आडवी दुभंगते. ब्रिटिश गाड्यांची उभी दुभंगते आणि तो सांधा थेट तेलाच्या तळातून जातो. जपानी गाड्या गळत नाहीत याचं श्रेय लोक नुसत्या शिस्तीला देतात. शिस्त असेलच, पण निम्मं काम भूमितीनं केलंय.

असो. माझा ब्रीदर तपासायचा होता. त्यासाठी पाण्याची बाटली पुरते. ब्रीदरच्या तोंडाला हातभर लांबीची पारदर्शक नळी जोडली, ती आधी सरळ वर नेली आणि मग टोक खाली वळवून बाटलीतल्या पाण्यात जेमतेम अर्धा इंच बुडवलं. जेमतेमच. जास्त बुडवलं आणि इंजिननं पाणी ओढलं तर तेलाची लस्सी होईल. मुलीला बाटली धरायला बसवलं आणि किक मारली.

व्हॉल्व्ह ठीक असता तर सुरुवातीला बुडबुडे भराभर आले असते आणि मग मंदावत जाऊन अधूनमधून एखादा सुटला असता. इथे नळीतलं पाणी इंजिनच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वर-खाली उड्या मारत होतं. बाहेर जाते तेवढीच हवा परत आत येत होती.

"बाबा, हे श्वास घेतंय," मुलगी म्हणाली. अगदी बरोबर. आणि त्यानं श्वास फक्त सोडायचा असतो.

इंजिन बंद केलं, ब्रीदर उघडला. आत नाण्याहून लहान, पातळ पोलादी चकती. ती स्वतःच्या बैठकीवर खुळखुळायला हवी. माझी एका बाजूला कलंडून, काळ्या घट्ट खरवडीत रुतून बसली होती, दुधाच्या पातेल्याच्या तळाशी लागते तशी. नखानं टोकरली तेव्हा सुटली. तिची कडही एका बाजूनं झिजून धारदार झालेली. बैठक साफ केली, ब्रीदरचं भोक तारेनं मोकळं केलं आणि नवी चकती बसवली. परत बाटली, परत किक. आता बुडबुडे बाहेर सुटले, हळूहळू मंदावले आणि पाणी जागच्या जागी उभं राहिलं.

त्या संध्याकाळी वीस मिनिटांची फेरी मारून आलो. रॉकर बॉक्सची कड कोरडी. सिलिंडरचा पायथा कोरडा. तिथल्या पॅकिंगला हातसुद्धा लावला नव्हता. टायमिंग कव्हरचा कोपरा मात्र ओलाच, आधीपेक्षा कमी पण ओला. सातापैकी पाच डाग गेले, दोन उरले. त्यातला एक हा कोपऱ्याचा, दुसरा तो तळहाताएवढा, रात्रीचा. त्याच्याकडे नंतर येतो.

कव्हर चौथ्यांदा उघडायचं होतं. या वेळी एक सवय लावून घेतली, जी पहिल्या दिवसापासून लावायला हवी होती. जाड पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार रेखाटला आणि प्रत्येक स्क्रू काढला की त्याच्या जागी भोक पाडून पुठ्ठ्यात खोचला. कव्हरचे स्क्रू एका लांबीचे नसतात. कुठे कव्हर जाड, कुठे पातळ. हे काम मुलीनं घेतलं. मी सोडवायचो, ती खोचायची.

स्क्रू ड्रायव्हरवर हातोडीचा एक ठोका मारून मगच फिरवायचा, नाहीतर जुन्या स्क्रूची खाच लगेच जाते. कव्हर सुटल्यावर ते पेचकस घालून उचकटायचं नाही, लाकडी मुठीनं कडेला टकटक करत हलवायचं. तो मोह मला एकदा झाला होता. त्याचा ओरखडा कव्हरच्या कडेवर अजून आहे, साडेतीन मिलिमीटर लांब. मोजलाय.

आत सगळीकडे सिलिकॉनच्या शेवया. बाहेरून एक रेघ दिसते तेव्हा आत तेवढीच, किंबहुना जास्त, दाबली गेलेली असते. ती तेलात भिजते, सुटते आणि तेलाबरोबर फिरायला लागते. जाळीत अडकली तर ठीक, तेलाच्या भोकात अडकली तर बेअरिंग उपाशी. सिलिकॉनवर माझा राग नाही. स्वयंपाकघरातल्या सिंकला ते उत्तम आहे. मात्र बारीक तेलवाटा असलेल्या इंजिनात ते भसाभसा लावणाऱ्या माणसावर आहे, आणि तो माणूस मी.

जुनं पॅकिंग उजेडात धरलं. कागदाच्या पॅकिंगवर दोन्ही धातूंचा दाब उमटतो, तिथे कागद चपटा आणि चकचकीत होतो. पूर्ण घेर चकचकीत होता. फक्त त्या कोपऱ्यात, बोटभर लांबीत, कागद फुगीर, मऊ आणि तेलानं टम्म. तिथे कव्हर कधी दाबलंच गेलं नव्हतं. पण तिथला स्क्रू तर मी सगळ्यात जास्त आवळला होता! हात दुखेपर्यंत.

कव्हर वाकलंय का, ते बघायला ते जाड काचेवर पालथं ठेवलं आणि कडेनं फिलर गेजचं ०.०५ मिलिमीटरचं पान सरकवून पाहिलं. बहुतेक ठिकाणी शिरत नव्हतं. स्क्रूच्या भोकांपाशी मात्र कव्हर किंचित डुगडुगत होतं: जास्त आवळल्यामुळे भोकांच्या कडा ओठासारख्या बाहेर आल्या होत्या. ॲल्युमिनियम मऊ असतं, पोलादी स्क्रू ओढला की ते वर येतं. पण एवढ्यानं बोटभर पॅकिंग कोरं राहणार नाही.

"बाबा, हा एक उंच आहे."

मुलगी पुठ्ठा डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून बघत होती. शेजारचे दोन स्क्रू एका उंचीचे. मधला, त्या कोपऱ्यातला, डोकं वर काढून उभा.

कॅलिपर आणला. शेजारचे २५ मिलिमीटर लांब, हा ३०. जाडीही मोजली. शेजारचे ६.३ च्या आसपास, म्हणजे पाव इंची. हा ५.९. हा ब्रिटिश आट्यांचा नव्हताच, साधा मेट्रिक एम-६ होता. पाव इंची बीएसएफला (ब्रिटिश बारीक आट्यांचं माप) इंचाला २६ आटे. एम-६ चे इंचाला साधारण साडेपंचवीस. इतके जवळ की एम-६ त्या भोकात निमूट शिरतो, जरा सैल लागतो, आणि आट्यांच्या फक्त टोकांवर टेकून राहतो. शिवाय पाच मिलिमीटर जास्त लांब असल्यामुळे तो भोकाच्या तळाला टेकत होता. मी आवळायचो तेव्हा स्क्रू तळाशी घट्ट होत होता आणि डोकं कव्हरला नुसतं शिवत होतं. हाताला घट्ट, कव्हरला सैल. मी जितका जोर लावला तितकी भोकातल्या आट्यांची वाट लावली, पॅकिंगला एक कणही दाब मिळाला नाही.

"हा कोणी लावला?" मुलीनं विचारलं.

आधीचा मालक, कुठला तरी मेकॅनिक, असं तोंडावर आलं होतं. पण मला आठवलं. पहिल्यांदा कव्हर उघडलं त्या रात्री एक स्क्रू घरंगळत कपाटाखाली गेला होता. शोधायचा कंटाळा आला आणि खिळ्या-स्क्रूंच्या डब्यातून सारखा दिसणारा एक उचलला. बसला. बसला म्हणजे बरोबर आहे, असं तेव्हा वाटलं.

"मीच," मी म्हणालो. ती काही बोलली नाही. टॉर्च घेऊन कपाटाखाली शिरली. मूळ स्क्रू मिळाला नाही. एक खोडरबर आणि कॅरमची सोंगटी मिळाली.

भोकातले आटे वरच्या तोंडाशी फाटले होते. तिथे तारेचं रिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी गुंडाळी, घालून परत पाव इंची करून घेतलं. हे काम मी स्वतः केलं नाही, लेथवाल्याकडून करून घेतलं. भोक तिरकं गेलं असतं तर क्रँककेसच गेली असती, आणि स्वतःवर किती विश्वास ठेवायचा हे एव्हाना कळलं होतं. बाकी भोकांच्या वर आलेल्या कडा मोठ्या ड्रिलच्या टोकानं हातानंच, दोन-दोन फेऱ्या, खरवडून बसवल्या. मग काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, वर थोडं रॉकेल, आणि कव्हर इंग्रजी आठाच्या आकारात हलक्या हातानं फिरवलं. आधी कडेला सगळीकडे मार्करनं रेघोट्या मारल्या होत्या. रेघोट्या जिथे पुसल्या जात नाहीत तिथे खड्डा. दहा मिनिटांत सगळ्या पुसल्या गेल्या. थांबायचं तिथेच, सपाट झाल्यावरही घासत राहिलं तर कव्हर पातळ होतं आणि आतल्या शाफ्टांची मोकळीक बदलते.

पॅकिंग घरी कापलं. कागद कव्हरवर ठेवून कडेनं हातोडीनं ठोकत कापायची जुनी पद्धत दिसायला झकास असते, पण मऊ ॲल्युमिनियमची कड त्यात बोथट होते. मी कव्हरच्या कडेला बोटानं तेल लावून कागदावर ठसा घेतला आणि कात्रीनं कापलं. तेलाच्या वाटेचं भोक विसरायचं नाही, ते मी एकदा, पण जाऊ दे. पॅकिंगला एका बाजूनं ग्रीसचा हात, दुसरी बाजू कोरडी. सिलिकॉन नाही. स्क्रू आधी सगळे बोटानं, मग समोरासमोरचे आळीपाळीनं, तीन फेऱ्यांत. छोटा स्क्रू ड्रायव्हर मुद्दाम घेतला, म्हणजे जोर लावायची इच्छा झाली तरी हातात तेवढी मूठच नको.

आता तो तळहाताएवढा डाग. तो फक्त रात्रीच्या पुठ्ठ्यावर यायचा, आणि गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की मोठा व्हायचा. टाकीतली पातळी काडीनं मोजत गेलो. आठवड्यात दोन बोटं खाली. मग क्रँककेसच्या तळाचा प्लग उघडला आणि खाली मापाचं भांडं ठेवलं: ६०० मिलिलिटर. ड्राय सम्प, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या, इंजिनात तिथे जेमतेम कपभर असायला हवं. टाकी वर, इंजिन खाली. उभ्या गाडीत तेल हळूहळू पंपातून उतरून तळाशी साठत होतं. याला वेट सम्पिंग म्हणतात. साठलेलं तेल सांध्यांच्या पातळीवर आलं की कुठून तरी पाझरणारच. त्यात मालक टाकीत पातळी कमी बघून वरून आणखी ओततो, आणि पुढच्या किकला क्रँकचं चाक ते सगळं घुसळून बाहेर फेकतं. निळा धूर वेगळा. हे सगळं मी केलेलं आहे. तेव्हापासून नियम केलाय, पातळी बघायची ती इंजिन दोन मिनिटं चालवून, परतीचा पंप तळ उपसून झाल्यावर.

उतरणाऱ्या तेलाला अडवायला पंपाच्या पुढे एक पोलादी गोळी आणि स्प्रिंग असते. पंपाचा दाब आला की गोळी उचलते, थांबला की बैठकीवर बसते. ती काढली. गोळी चकचकीत. तिच्या बैठकीवर मात्र काहीतरी चिकटलं होतं, चिमट्यानं ओढलं तर लांबलं आणि सुटलं. करड्या रंगाचा, शेवईपेक्षा बारीक धागा.

सिलिकॉन. पंपाच्या बुडाच्या पॅकिंगलाही मी ते लावलं होतं, तेलाच्या भोकाच्या अगदी कडेपर्यंत. तो धागा सुटून थेट गोळीखाली गेला होता आणि गोळी केसभर उचलून धरत होता.

बैठक साफ केली, नवी गोळी ठेवून पितळी दांड्यानं एक हलका ठोका दिला म्हणजे बैठकीला तिचा ठसा बसतो, मग परत नवी गोळी, स्प्रिंग आणि प्लग. तांब्याचे वायसर जुनेच वापरले, पण आधी ज्योतीवर लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले. दाबून कडक झालेलं तांबं असं केल्यावर पुन्हा मऊ होतं. काही लोक यावर उपाय म्हणून टाकीच्या नळीत तोटी बसवतात आणि गाडी उभी केली की बंद करतात. रात्रभर तेल उतरणार नाही हे खरं. पण सकाळी तोटी उघडायला एकदा विसरलात की इंजिन काही मिनिटांत जाम. माझा विसरभोळेपणा वर पुरेसा नोंदवलाय, तेव्हा तोटी नको.

पहिली किक मारण्याआधी टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च धरला. परतीच्या नळीतून तेल यायला वीसेक सेकंद लागली. ती वीस सेकंदं लांब असतात. मग एक फुसफुसता फवारा, मग धार. मुलगी म्हणाली, "आलं!" आणि मी श्वास सोडला.

नवा पुठ्ठा अंथरला, चाकांच्या जागा आखल्या, कोपऱ्यात तारीख घातली. आठ दिवस गाडी तशीच उभी. प्लग उघडून मोजलं, ७० मिलिलिटर. मग रोजच्या फेऱ्या सुरू, रात्री पुठ्ठा खाली. दुसऱ्या आठवड्यात सकाळी चहाच्या आधी पुठ्ठा ओढला. टायमिंग कव्हरखाली काही नाही. क्रँककेसखाली काही नाही. मागच्या बाजूला, चेनच्या रेषेत, एकच छोटा गोल थेंब.

मुलगी आधी पोचली होती. तिनं त्याला बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"ई! गंधक," ती म्हणाली. "गिअरबॉक्स."